भिंतीची जाडी किती?

पेन्सिलीनं ओढलेल्या रेघेला आपण कोण आहोत हे माहीत नसायचं. भिंत असेल, गच्चीचा कठडा असेल, पायरीची कड असेल, नाहीतर हात हलल्यामुळे सुटलेली नुसतीच रेघ असेल. ओळखायचं काम बघणाऱ्याचं. गेल्या दिवाळीनंतर आमच्या पिंपळे सौदागरच्या ऑफिसात घरांचे नकाशे काढायला ऑटोकॅडच्या जागी रेव्हिट आलं आणि हे सुख संपलं. आता आधी ‘भिंत’ निवडायची. निवडली की शेजारी प्रश्नांची पट्टी उघडते: भिंत कशाची, जाडी किती, कुठल्या मजल्यावरून निघते, कुठल्या मजल्याला टेकते, आतून कुठला थर, बाहेरून कुठला. तुम्ही उत्तर दिलं नाहीत, तर ते आपल्या मनानं एक उत्तर धरून पुढे जातं, आणि ते जास्त वाईट. घरमालकाला बैठकीची खोली रस्त्याकडे हवी की मागच्या अंगाला, हे अजून नवरा-बायकोत ठरलेलं नसतं, आणि इथे गिलाव्याची चौकशी चालू झालेली असते.

ऑफिसातली पोरं खूश आहेत. मॅडमचं वय झालं म्हणून कुरकुर चालू आहे, असं त्यांचं निदान. ते अगदीच चूक नाही. पण मी हत्यार बदलायची ही पहिली वेळ नव्हे, आणि दर वेळी काय आलं, काय गेलं याचा हिशोब मांडायची मला खोड आहे.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला पुण्यात डेक्कनवरच्या एका ऑफिसात मी उमेदवारी करत होते. खिडकीलगत बोर्डांची रांग, प्रत्येकावर पॅरलल बार, उंच स्टुलं, आणि आलेल्या माणसाचं नाक आधी भरून टाकणारा अमोनियाचा वास. ट्रेसिंग पेपर म्हणजे गेटवे. दुसरा कुणी आणलाच तर मोठे लोक हात लावून बघत आणि परत ठेवत. रॉट्रिंगची पेनं डबीत नंबरवार लावलेली: बारीक रेघेला ०.२, कापलेल्या भिंतीला ०.६. बारीक निब तुंबलं की कोमट पाण्यात भिजत घालायचं आणि कानाशी धरून हलवायचं. आतली तार टकटक वाजली की पेन जिवंत. उन्हाळ्यात घामाचा हात ट्रेसिंगला लागू नये म्हणून मनगटाखाली कागदाचा कपटा, पावसाळ्यात ट्रेसिंगच दमटून लाटा मारायचं. खोडायचं झालं तर अर्ध्या ब्लेडनं शाई खरवडायची, मग नखानं जागा घोटायची, मग पुन्हा रेघ. एकाच जागी तिसऱ्यांदा खरवडलं की भोक पडायचं, म्हणून तिसऱ्यांदा मत बदलणाऱ्या गिऱ्हाइकाचा सगळ्यांनाच राग.

तिथले ड्राफ्ट्समन काका औंधच्या आयटीआयमधून शिकलेले. त्यांचं अक्षर स्टेन्सिलला लाजवेल असं, आणि ‘टॉयलेट’ लिहिताना शेवटच्या अक्षराची शेपटी ते किंचित लांबवत. तेवढ्यावरून साइटवरचे लोक ओळखत की ड्रॉइंग काकांचं आहे, म्हणजे मापं जुळणार. आम्ही पदवीवाल्या मुली त्यांच्या हाताखाली छापाला रंग द्यायला. पालिकेत प्रकरण दाखल करायचं, तर प्रस्तावित बांधकाम लाल, पाडायचं ते पिवळ्या तिरप्या रेघांत, ड्रेनेज तुटक लाल, पाण्याची नळी तुटक काळी. जितक्या प्रती तितक्या वेळा. त्या लाल रंगाचे डाग अजून माझ्या एका ओढणीवर आहेत.

पण मला आठवते ती ही सामग्री नव्हे. स्मरणरंजनात बोर्ड आणि निब येतातच. लिहिणारा जरा म्हातारा झाला की ती आपोआप येतात. मला आठवतं ते त्या ड्रॉइंगमध्ये काय नसायचं. विजेचे पॉइंट नसायचे, फार तर दिव्याची एक फुली. ओट्याची उंची नसायची. न्हाणीघराच्या फरशीखालचा ब्रिकबॅट कोबा कसा घालायचा हे नसायचं. विटांची जोड कोपऱ्यावर कशी वळवायची हे तर कुणी काढलंच असतं, तर मिस्त्री अपमान समजून निघून गेला असता. कोपऱ्यात एक ठरलेली सूचना असे, की मापं साइटवर तपासून घ्यावीत. त्या एका ओळीवर अर्धी इमारत सोपवलेली असायची. उरलेलं अर्धं ड्रॉइंग मिस्त्रीच्या डोक्यात असे, आणि ते त्याच्या ओळंब्यातून, गुण्यातून, लाइनदोरीतून भिंतीवर उतरे.

हे अज्ञान होतं असं म्हणता येईल. मी म्हणणार नाही. लॉरी बेकर केरळात अखेरपर्यंत असंच काम करत राहिले. हाताला लागेल त्या कागदाच्या तुकड्यावर काढायचे आणि बाकीचं साइटवर, गवंड्याशेजारी उभं राहून ठरवायचे. झाड मध्ये आलं तर भिंत वळायची. कागदावर ती आधीच पक्की असती, तर वळली नसती.

इकडचंच उदाहरण घ्यायचं तर जमिनीखालच्या टाकीचं. मी हिशोबानं काढलेली टाकी एका मिस्त्रीनं न विचारता दोन फूट खोल घेतली. मी चिडले. त्यानं शांतपणे सांगितलं, “ताई, इथं पाणी कधी येतं ते मला ठाव आहे.” पुढे २०१९च्या नोव्हेंबरपासून पिंपरी-चिंचवडला दिवसाआड पाणी सुरू झालं, तेव्हा त्या घरमालकानं मला फोन करून माझ्या दूरदृष्टीबद्दल आभार मानले. मी ते घेतले.

ऑटोकॅड आमच्याकडे आलं ते चौदाव्या आवृत्तीत, म्हणजे १९९७च्या पुढे. जगात ते १९८२च्या डिसेंबरात आलेलं. पिंपरी-भोसरीच्या कारखान्यांत ते आमच्या आधी पोचलं होतं, कारण यंत्राचा भाग काढणाऱ्यांना घाई जास्त. आमच्या साहेबांनी संगणकासाठी वेगळी खोली केली, तिला एसी बसवला, आणि आत चपला घालून जायची बंदी केली. संगणकाच्या पाठीत एक छोटं कुलूप खोचलेलं असायचं. ते असेल तरच सॉफ्टवेअर उघडायचं, म्हणून साहेब रात्री ते काढून कपाटात ठेवत. एका बाजूला हे, आणि दुसऱ्या बाजूला गावभर चालणाऱ्या, हातानं नाव लिहिलेल्या सीड्या. त्या कुठून येतात हे त्या काळी कुणी कुणाला विचारत नसे.

काका आधी त्या खोलीत यायलाच तयार नव्हते. मग आले, आणि सहा महिन्यांत आम्हा सगळ्यांना मागे टाकलं. डावा हात कीबोर्डवर, उजवा माउसवर, पडद्याकडे बघायचीही गरज नाही: एल, ओ, टीआर, एफ. तबल्यावर बोटं चालावीत तशी त्यांची बोटं चालायची. हे इतक्या सहज का झालं, याचं उत्तर मला आत्ता रेव्हिट शिकताना मिळालं. ऑटोकॅडनं बोर्ड बदलला, रेघ बदलली नव्हती. पडद्यावरची रेघही तितकीच अजाण होती. तिला टोकं होती, लांबी होती, लेयर होता. ती भिंत होती की कठडा, हे तिलाही ठाऊक नव्हतं. काकांना नवं काही कबूल करायला लागलं नव्हतं.

विजेचा खेळ मात्र नवा होता. बोर्डावर काम करताना दिवे गेले तर खिडकी उघडायची. आता दिवे गेले की चार खोल्यांतून एकदम आरोळी: “सेव्ह केलं का रे?” औद्योगिक पट्ट्यातली साप्ताहिक सुट्टी गुरुवारची, आणि दुरुस्तीसाठी वीज बंद ठेवायचा दिवसही तोच. पुढे माझं स्वतःचं ऑफिस इकडे आलं, तेव्हा मीही गुरुवार सोडून दिला. अजूनही गुरुवारी कुणाला मुदत देत नाही.

पिंपळे सौदागरला मी आले ते हिंजवडीच्या आयटी पार्कामागोमाग. औंधकडून येताना जगताप डेअरीच्या चौकातून आत वळलं की दोन्ही अंगांना शेतं, मधूनच एखादी विहीर, आणि उसापलीकडे अर्धवट उभे राहिलेले खांब. पुढे गावठाण, मग पवना. नदीपलीकडे पिंपरीगाव. माझी पहिली गिऱ्हाइकं शेतकरी घरांतली. सातबारा पिशवीतून निघायचा, क्षेत्र आरमध्ये लिहिलेलं, बोलणं गुंठ्यांत, विक्री चौरस फुटांत, पालिकेचे नियम मीटरमध्ये, आणि मिस्त्री सूत मोजणारा. एकाच घराची पाच मापं. त्यात कुणाचा गोंधळ झालेला मी पाहिला नाही. गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट हे त्या आजोबांना माझ्याआधी पाठ होतं.

त्या बैठकींचं एक वैशिष्ट्य होतं. ऑटोकॅड असूनही मी त्यांना छापलेला मोठा कागदच दाखवायची, कारण कागद टेबलावर पसरला की घरातले सगळे त्याच्याभोवती वाकायचे. आजोबा बोट ठेवून म्हणायचे, “हितं देवघर.” सून दबक्या आवाजात म्हणायची की स्वयंपाकघराला खिडकी मोठी द्या. ज्या जागी बोटं जास्त पडायची तिथला कागद मळायचा. तो मळ बघून मला कळायचं की भांडण कुठल्या खोलीचं आहे. पडद्यावर हे होत नाही. पडद्यासमोर एकाच्या हातात माउस असतो आणि बाकीचे पाहुणे असतात.

नदीलगतच्या प्लॉटवर मात्र एक रेघ अशी असायची की जिच्याबद्दल कुणालाच शंका नसे. पवनेच्या पुराची निळी रेषा, म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, आणि तिच्यामागे लाल, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची. नकाशावर ती सापडली की गिऱ्हाइकाचा चेहरा पडायचा. आम्ही काढलेल्या सगळ्या रेघांत आपण कोण हे पहिल्यापासून ठाऊक असलेली तेवढीच.

ऑटोकॅडनं आम्हाला एक वाईट सवयही लावली, ती सांगितलीच पाहिजे. आरसा. एक सदनिका काढायची, आरशातून उलटी करायची, दोन्हींच्या मध्ये जिना घालायचा, झाला मजला. तो मजला वरवर ठेवत न्यायचा. उलटी-सुलटी तर ट्रेसिंगवरही करता यायची, पण तिथे पुन्हा शाई भरावी लागे, म्हणून हात दुखण्याच्या भीतीनं तरी माणूस एकदा विचार करायचा की पूर्वेची खोली पश्चिमेला गेल्यावर तिच्यात दुपारी चारला कोण बसणार. कोकणे चौकातून शिवार चौकाकडे चालत जा आणि वर बघा. त्या दहा-पंधरा वर्षांत उभ्या राहिलेल्या इमारतींच्या पश्चिमेच्या बाल्कन्यांत बांबूच्या चटया दिसतील. त्यांतल्या काही आमच्याही आहेत.

स्केचअपबद्दल मी थोडक्यात लिहिते, कारण त्याच्यावर माझा राग नाही. अमेरिकेतल्या बोल्डर गावातल्या एका छोट्या कंपनीनं ते २०००मध्ये काढलं, २००६मध्ये गुगलनं विकत घेतलं आणि एक आवृत्ती फुकट वाटली. तोवर घराचं त्रिमित चित्र म्हणजे भिंतीवर दूरवर खिळे मारून दोरे ताणायचे, त्यावरून पर्स्पेक्टिव्ह उभं करायचं, आणि मग जलरंगवाल्या चित्रकाराकडे न्यायचं. तो झाडं फार छान काढायचा, इतकी की इमारत झाकली जायची. स्केचअपनं हे दुपारच्या चहापर्यंत आणलं. कागदी पत्त्यांसारख्या पातळ पृष्ठभागांचं घर, ओढलं की वाढतं, दाबलं की बसतं. आणि ते काहीही विचारत नाही. आमच्यासारख्या ज्या ऑफिसांना नवं काही करून बघायची हौस असते, त्यांनी त्याला इतकं उराशी धरलं ते याच कारणानं, असं मला वाटतं. कल्पनेला सुरुवातीला कुणी जाडी विचारू नये.

मग हे विचारणं सुरू कुणी केलं? माझ्या मते सॉफ्टवेअर कंपन्यांनी नव्हे. त्या शेवटी आल्या.

पहिल्यांदा विचारलं ते पालिकेच्या यंत्रणेनं. पुण्यातल्याच सॉफ्टटेक कंपनीनं ऑटोडीसीआर काढलं. नकाशा माणसानं तपासण्याऐवजी संगणकानं तपासायचा. त्यासाठी प्रत्येक खोलीभोवती बंद रेघ काढून ती ठरावीक लेयरवर टाकायची. बंद म्हणजे पूर्ण बंद. एका केसाइतकी फट राहिली तर खोली ‘सापडत’ नाही आणि प्रकरण परत. काकांनी तीस वर्षं काढलेल्या खोल्या एका रात्रीत यंत्राच्या दृष्टीनं खोल्या उरल्या नाहीत. मग २ डिसेंबर २०२० रोजी मुंबई वगळता जवळपास राज्यभरासाठी एकच नियमावली आली, बांधकामाचं क्षेत्र पी-लाइनवर मोजायचं ठरलं, म्हणजे भिंती, बाल्कनी, जिना सगळं धरून. भिंत साडेचार इंचाची की सहा, यावर आता चौरस मीटर हलू लागले. एरवी साइटवर ठरणारी जाडी नकाशातच सांगायला लागली.

त्याच्या मध्येच, १ मे २०१७ला, रेरा कायदा. आधी सदनिका ‘सुपर बिल्टअप’वर विकली जायची, आणि त्यात जिना, लॉबी, पॅसेज, बिल्डरच्या मनातला वाटा असं सगळं मावायचं. आता चटई अंथरता येईल तेवढंच क्षेत्र सांगायचं, आणि मंजूर नकाशा बदलायचा तर दोन तृतीयांश घरमालकांची संमती हवी. गिऱ्हाइकांच्या दृष्टीनं हे उत्तमच झालं; मी स्वतः त्या सुपर बिल्टअपची झळ सोसली आहे. पण ऑफिसात त्याचा अर्थ असा झाला, की “बघू पुढे” हे दोन शब्द व्यवहारातून गेले.

आणि सगळ्यांत मोठं कारण म्हणजे मायव्हान. अ‍ॅल्युमिनियमचे साचे लावायचे आणि भिंती, स्लॅब सगळं काँक्रीटमध्ये एकदम ओतायचं. वाकड, पुनावळे, ताथवडे इकडचे टोलेजंग मनोरे असेच वर गेले, इतक्या भराभर, की महिन्याभरानं त्या रस्त्यानं गेलं तर आकाश कमी झालेलं दिसावं. विटांच्या भिंतीत वायरमन मागाहून यायचा, छिन्नी-हातोड्यानं खोबण काढायचा, बोर्ड बसवायचा, मिस्त्री शिव्या देत गिलावा भरायचा. काँक्रीटच्या भिंतीत मागाहून कुणी यायचंच नाही. प्रत्येक नळीची वाट, प्रत्येक स्विचची पेटी, एसीच्या पाइपाचं भोक ओतण्याआधी जागेवर हवं. नाहीतर कोअर कटिंगचं यंत्र आणा, आणि मध्ये सळई लागली तर स्ट्रक्चरल इंजिनिअरची बोलणी खा. मिस्त्रीच्या डोक्यातलं ते अर्धं ड्रॉइंग मायव्हाननं काढून घेतलं आणि आमच्या टेबलावर आणून टाकलं. ते ठेवायला जागा ऑटोकॅडच्या अजाण रेघांत नव्हती. म्हणून रेव्हिट.

आमच्यात मतं दोन होती. एका पोराचं म्हणणं आर्किकॅड घ्या. बुडापेस्टमधल्या ग्राफिसॉफ्टनं ते १९८४मध्ये आणलेलं, आणि त्या कंपनीची सुरुवात हंगेरीतल्या अणुवीज केंद्राच्या नळ्यांची त्रिमित मांडणी करण्यातून झालेली. ही गोष्ट मला फार आवडली. पडद्यावर त्याचा चेहराही जरा हसरा वाटला. वास्तुरचनाकारानं वास्तुरचनाकारासाठी केलेलं असावं असा. पण आमचा स्ट्रक्चरल इंजिनिअर रेव्हिटवर, प्लंबिंगवाला रेव्हिटवर, बिल्डरच्या ऑफिसातला मुलगा रेव्हिटवर. सोसायटीत एकट्यानं वेगळा रंग लावता येत नाही, तसं झालं. रेव्हिट २०००मध्ये अमेरिकेतल्या एका छोट्या कंपनीनं आणलं. दोनच वर्षांत ऑटोडेस्कनं, म्हणजे ऑटोकॅडवाल्यांनीच, ते विकत घेतलं. म्हणजे आम्ही दुकान बदललं नाही, नुसतं शेजारच्या फळीवरचं उचललं.

या दुकानाबद्दल माझी तक्रार आहे, आणि ती फक्त माझी नाही. २०१६पासून त्यांनी सॉफ्टवेअर कायमचं विकणं बंद केलं, आता भाडं. वर्ष संपलं, पैसे भरले नाहीत, तर आपणच काढलेली इमारत आपल्याला बदलता येत नाही. २०२०च्या जुलैत झाहा हदीद आर्किटेक्ट्ससारख्या ब्रिटनमधल्या मोठमोठ्या संस्थांनी मिळून ऑटोडेस्कला उघड पत्र लिहिलं, की किंमत चढते आहे आणि रेव्हिटमध्ये सुधारणा मात्र रखडली आहे. लंडनच्या लोकांना परवडत नाही, तर आम्ही पिंपळे सौदागरवाल्यांनी काय करायचं? ओळखीची कितीतरी छोटी ऑफिसं झेडडब्ल्यूकॅडकडे वळली. फाइल तीच चालते, बोटांनाही फरक कळत नाही.

आणि ही नवी फाइल मागे जात नाही. रेव्हिटच्या नव्या आवृत्तीत एकदा उघडलेलं काम जुन्या आवृत्तीत परत नेता येत नाही. सगळ्यांनी एकाच वर्षाच्या आवृत्तीत राहायचं, नाहीतर एकाच्या हौसेपायी चौघांना वर चढायला लागतं. माळ्यावर माझ्याकडे पत्र्याच्या नळकांड्यांत काकांची ट्रेसिंग आहेत. कडा पिवळ्या पडल्यात, पण कुठलंही काढा, वाचता येतं. ऑटोकॅडच्या जुन्या फाइलीही उघडतात. फक्त फ्लॉपीतून वेळेत काढून घेतलेल्या. आजच्या मॉडेलचं तीस वर्षांनी काय होणार, हे विचारलं की पोरं म्हणतात, “मॅडम, क्लाउडवर आहे.”

आमच्या सोसायटीत चाकणच्या एका मोटार कारखान्यात डिझाइनला असलेला एक जण राहतो. लिफ्टमध्ये भेटला की चिडवायचा, “तुम्ही अजून रेघाच मारता का हो?” त्यांच्याकडे कॅटिया, मुळात विमानांसाठी केलेलं फ्रेंच सॉफ्टवेअर. मी त्याला सांगितलं, की स्पेनमधलं बिल्बाओचं गुगेनहाइम संग्रहालय, १९९७मध्ये उघडलेलं, याच कॅटियावर उभं राहिलं. तो चाट पडला. मग मी पुढचं सांगितलं: फ्रँक गेरी आधी हातानं वेडीवाकडी रेखाटनं करत, मग कागदाची, लाकडाची मॉडेलं, आणि आकार मनासारखा झाल्यावरच माणसं तो मोजून संगणकात घालत. यंत्राला प्रश्न विचारायची संधी शेवटी मिळायची. मोटारीचा दरवाजा लाखो वेळा तसाच्या तसा निघायचा असतो, म्हणून सगळी उत्तरं आधी हवीत. घर एकदाच बांधायचं असतं, त्याला वाटेत मत बदलायची मुभा हवी. यावर तो म्हणाला, “पण तुमच्या बिल्डिंगीही तशाच्या तशा निघतात की.” लिफ्ट आठव्या मजल्यावर थांबली म्हणून बरं.

तरी खरं सांगायचं, तर रेव्हिटनं काही गोष्टी अशा दिल्या की मला बोर्डाकडे जावंसं वाटत नाही. खिडकी प्लॅनमध्ये हलवली की ती एलिव्हेशनमध्ये हलते, सेक्शनमध्ये हलते, खिडक्यांच्या तक्त्यात तिचं माप बदलतं. आम्ही हे तीन ठिकाणी हातानं करायचो, आणि चौथ्या ठिकाणी विसरायचो. तुळईतून जाणारी ड्रेनेजची नळी आता ऑफिसात दिसते. पूर्वी ती साइटवर, शटरिंग खोलताना दिसायची. नव्या मुली जिना काढतात तेव्हा डोकं कुठे आपटेल हे त्यांना आधी कळतं. मी तो जिना उतरताना शिकले होते.

साइटवर मात्र सगळं मिलिमीटरमध्ये जातं, आणि तिथे अजून जुनीच भाषा आहे. गावठाणात सध्या एका कुटुंबाचं जुनं घर पाडून नवं चाललंय. मायव्हान नाही, साधं विटांचं. परवा मिस्त्रीचा फोन: “मॅडम, ११४३ म्हणजे किती?” मी म्हटलं, पावणेचार फूट. “मग तसं ल्याहा की.” ऑफिसातल्या मुलीनं प्रामाणिकपणे सांगितलं की मॉडेल मेट्रिक आहे. मी तिला छापील कागदावर लाल पेनानं फूट-इंच घालायला बसवलं. तिनं ते तोंड वाकडं करून केलं, पण अक्षर चांगलं आहे तिचं.

ऑफिसात आता एक नियम केलाय. नवं काम आलं की पहिले काही दिवस बटर पेपर आणि जाड पेन्सिल. रेव्हिट उघडायचं नाही. पोरांनी तो मानला, आणि वर त्यातून पळवाटही काढली. रेव्हिटमध्ये भिंतीचा प्रकार आपण तयार करून त्याला हवं ते नाव देऊ शकतो. एकीनं एक प्रकार तयार केला: जाडी दोनशे मिलिमीटर, साहित्य काहीच नाही, आणि नाव दिलं ‘नंतर ठरवू’. जिथे अजून मन होत नाही तिथे ती भिंत टाकायची. मला ही युक्ती इतकी आवडली की सगळ्यांना ती वापरायला सांगितली. गावठाणातल्या त्या घराच्या मागच्या अंगणाची भिंत दगडाची करायची की विटांची, की मुळात करायचीच नाही, यावर घरातल्या दोन भावांचं जमत नव्हतं. तिथेही ‘नंतर ठरवू’ उभी राहिली. मग रेव्हिटनं आपल्या रीतीप्रमाणे साहित्याचा तक्ता काढला, तो तसाच ठेकेदाराकडे गेला. आठवड्यानं त्याचं कोटेशन आलं. वीटकाम, काँक्रीट, गिलावा, आणि चौथ्या ओळीत ‘नंतर ठरवू’, चौरस मीटरचा दर, मजुरीसकट. मी दोन्ही भावांना तो दाखवला. दर वाजवी आहे, यावर मात्र त्यांचं लगेच एकमत झालं.